जुन्याचे दान

जुनी लुगडी, विटलेल्या पँटी घेऊन त्यांच्या बदल्यात स्टीलचे पातेले देणारी बोहारीण आपल्या वाचकांना ठाऊक आहे. ओट्यावर बसून ती प्रत्येक कपडा उजेडाला धरते, शिवण ओढून पाहते, भोक दिसले की बाजूला सारते. दोन्ही बाजूंनी घासाघीस होते आणि शेवटी एखादी साडी वर द्यावी लागते. या व्यवहारात पुण्य कोणी मोजत नाही. पण वस्तूची पारख होते. दानाचे गाठोडे बांधताना ही पारख कोठे जाते?

2004 च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत देशभरातून कपड्यांचे ढीग येऊन पडले. त्यांतील पुष्कळ कपडे तेथील कोळी कुटुंबांच्या उपयोगाचे नव्हते. ते रस्त्याच्या कडेला पडून राहिले. अंशू गुप्ता यांनी 1999 साली सुरू केलेल्या ‘गूंज’ या संस्थेने ते निवडण्याचे काम अंगावर घेतले. देणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. परंतु आपले कपाट रिकामे करणे आणि दुसऱ्याचे अंग झाकणे या दोन निराळ्या क्रिया आहेत. तूरचे संत मार्टिन यांनी भिकाऱ्याला जो अर्धा झगा दिला, तो अंगावरचा होता, अडगळीतला नव्हे. तेवढे आपल्यापैकी बहुतेकांना जमणारे नाही. पण मग निदान बटण लावून, धुऊन द्यावे.

परदेशात यासाठी दुकाने असतात. फ्रेडरिक ओझानाम व त्यांच्या मित्रांनी 1833 साली पॅरिसमध्ये स्थापिलेल्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची ऑस्ट्रेलियातील दुकाने ‘विनीज’ या लाडक्या नावाने ओळखली जातात. लोक वस्तू फुकट देतात, स्वयंसेवक त्या निवडतात, अल्प किंमत लावतात, आणि आलेला पैसा गरजूंसाठी वापरला जातो. गरिबाकडून पैसे घ्यायचे हे प्रथम खटकते. मला मात्र त्यात शहाणपण दिसते. वीस रुपये मोजणारा माणूस रंग नापसंत करू शकतो. फुकट घेणाऱ्याला तो अधिकार आपण मनातून देत नाही. ज्याच्याजवळ वीस रुपयेही नाहीत त्याच्यासाठी वेगळी, गाजावाजा न होणारी सोय हवीच.

राहात्यात असे दुकान चालेल काय? गरज तर डोळ्यांसमोर आहे. गळीत हंगामात ऊसतोडीची कुटुंबे या परिसरात येतात, आणि थंडीच्या दिवसांत कोप्यांतील लेकरांना स्वेटर लागतो. तो डिसेंबरात लागतो. कपाट आवरण्याची लहर आपल्याला मे महिन्यात येते. म्हणजे कोणीतरी तो सहा महिने सांभाळून ठेवला पाहिजे. धर्मग्रामाची एखादी खोली आणि रविवारच्या मिस्सानंतर दोन तास देणारे चार-पाच जण एवढ्यावर आरंभ होऊ शकेल.

खरी अडचण गावाच्या लहानपणाची आहे. महानगरात वस्तूला पूर्वीचा धनी नसतो. येथे पुढच्या बाकावरचा सदरा कोणाच्या घरचा, हे मागच्या बाकावरील सर्वांना कळते, आणि एखादे पोर ते मोठ्याने बोलूनही दाखवते. देणाऱ्याने तोंड मिटून ठेवले तरी घेणाऱ्याची मान खाली जाते. यावर मला एकच उपाय सुचतो: राहात्याची गाठोडी संगमनेरला जावीत, संगमनेरची श्रीरामपूरला, आणि श्रीरामपूरची येथे यावीत. टेम्पोचे भाडे पडेल. ते दानातच धरावे.