सभासदाचे मौन

द्यूतसभेत द्रौपदीने विचारलेला प्रश्न कायद्याचा होता : जो आधी स्वतःलाच हरून बसला, त्याला दुसऱ्याला पणास लावण्याचा अधिकार उरतो काय? धर्माची गती सूक्ष्म आहे असे सांगून भीष्मांनी उत्तर टाळले, विकर्ण एकटा उठून बोलला, आणि विदुराने कश्यपाने प्रल्हादाला दिलेल्या निवाड्याचे स्मरण करून दिले, की सभेत निंद्य कर्माचा निषेध होत नाही तेव्हा पापाचा अर्धा वाटा सभाप्रमुखाकडे, चौथा वाटा कर्त्याकडे आणि उरलेला चौथा वाटा गप्प बसणाऱ्या सभासदांकडे जातो. कर्ता आणि मूक सभासद यांना एकाच मापाने मोजणारा हा निवाडा आपल्या संसदेला आज लागू पडतो काय, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो.

पहिल्या लोकसभेच्या ६७७ बैठका झाल्या. सतराव्या लोकसभेने पूर्ण मुदत भोगूनही तिच्या बैठका २७४ भरल्या. वटहुकूम काढण्याच्या प्रथेविरुद्ध पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिणारे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर यांनी ज्या सभागृहाची प्रतिष्ठा जपली, तेथे २०१० चे हिवाळी अधिवेशन तेव्हाच्या विरोधकांच्या गोंधळात जवळजवळ संपूर्ण वाहून गेले. २० सप्टेंबर २०२० रोजी तीन कृषिकायद्यांपैकी दोन राज्यसभेत, मतविभागणीची मागणी होत असताना, आवाजी मतदानाने संमत झाले. आणि वर्षभराच्या शेतकरी आंदोलनानंतर २९ नोव्हेंबर २०२१ रोजी ते कायदे रद्द करणारे विधेयकही लोकसभेने चर्चेवाचून, काही मिनिटांत मंजूर केले. कायदा का केला आणि का मोडला, या दोहोंचे उत्तर सभागृहाच्या दप्तरात धडपणे सापडू नये, ही माझ्या मते गोंगाटाहून गंभीर गोष्ट आहे.

याचे मूळ केवळ पक्षांच्या वैरात नाही. १९८५ साली घटनेत आलेल्या दहाव्या अनुसूचीप्रमाणे, पक्षादेशाविरुद्ध मत देणारा, किंवा मतदानास गैरहजर राहणारा सभासद, पक्षाने पंधरा दिवसांत माफी न दिल्यास, अपात्र ठरू शकतो. आयाराम-गयारामांच्या बाजारामुळे ही तरतूद आवश्यक झाली होती, हे मान्य केलेच पाहिजे. तिने भाषणाला बंदी केलेली नाही, हेही खरे. परंतु ज्याचे मत आधीच कार्यालयातून ठरून आले आहे त्याच्यापुढे युक्तिवाद कोणासाठी करावयाचा? समोरच्याचे मन वळण्याची शक्यता नाहीशी झाली की वादाचा हेतूच संपतो, मग आरोळी आणि सभात्याग एवढेच उरते, आणि निर्णय मंत्रिमंडळाच्या दालनात होतात.

मतदार पक्षाच्या चिन्हाला मत देतो, म्हणून सभासद हा पक्षाचा मुखत्यार आहे, असे म्हणतात. सरकार राहावे की जावे, एवढ्यापुरते ते मी स्वीकारतो. परंतु मुखत्यारपत्राने सही सोपविता येते, सदसद्विवेक सोपविता येत नाही. एखादे कलम अन्याय्य आहे असे जाणूनही जो पक्षादेशाप्रमाणे हात वर करतो, त्याच्यावरचा तो चौथा वाटा कोणत्याही आदेशाने उतरत नाही.

पक्षादेश मोडल्याबद्दलची अपात्रता विश्वास आणि अविश्वास प्रस्तावांपुरतीच ठेवावी, अशी सूचना दिनेश गोस्वामी समितीने १९९० साली केली होती. ती अद्याप अमलात आलेली नाही. आपला खासदार मते मागावयास येईल तेव्हा वाचकांनी त्याला या एका सूचनेविषयी त्याचे स्वतःचे मत विचारावे, आणि ते लेखी मागावे.