वरचे धान्य आणि आतली ओल



हलाल मार्गाने उपजीविका मिळविणे हे इस्लामच्या दृष्टीने केवळ सांसारिक काम नाही. संकल्प शुद्ध असेल तर ती इबादत आहे. दिव्य कुरआनच्या सूरह जुमुआमध्ये श्रद्धावंतांना आदेश आहे की जुमाच्या नमाजची हाक ऐकताच त्यांनी खरेदी-विक्री थांबवावी. नमाज पूर्ण होताच त्यांनी भूतलावर पसरून अल्लाहच्या कृपेचा शोध घ्यावा, असेही तेथेच सांगितले आहे. आणि त्या शोधातही अल्लाहचे स्मरण विपुल प्रमाणात करावे, अशी ताकीद आहे. व्यापार थांबविणे, व्यापारासाठी निघणे आणि व्यापारात अल्लाहला न विसरणे, या तिन्ही गोष्टी मोमिनाच्या जीवनात एकत्र नांदतात.

हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (र.) मक्केतील सर्वस्व मागे ठेवून मदीनेत आले, तेव्हा त्यांचे अन्सारी बंधू हजरत सअद बिन रबीअ (र.) यांनी आपली अर्धी संपत्ती त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी भावाच्या धनात बरकत व्हावी अशी दुआ केली आणि फक्त बाजाराचा रस्ता विचारला. पनीर आणि तूप विकून त्यांनी आपल्या कमाईची सुरुवात केली. थोड्या भांडवलाची लाज नाही आणि दुसऱ्याच्या दानावर विसंबणे नाही, हा त्या प्रसंगाचा बोध आहे.

आज बाजाराचा रस्ता मोबाइलच्या पडद्यावरूनही जातो. दुकानाची अनामत रक्कम आणि भाडे ज्यांना झेपत नाही, त्यांच्यासाठी ही मोठीच सोय आहे. घरी शेवया किंवा नानखटाई बनविणारी विधवा भगिनी, मालेगावचा यंत्रमागावर साडी विणणारा कारागीर, चार शिलाई मशीनवर संसार चालविणारे कुटुंब, यांना गिऱ्हाइकापर्यंत पोहोचण्याचा मार्ग खुला झाला आहे. २०१८ साली आलेल्या व्हॉट्सॲप बिझनेस या मोफत ॲपमध्ये व्यवसायाचे नाव, पत्ता, वेळ आणि मालाची छायाचित्रे किमतीसह मांडता येतात. आरंभ करणाऱ्याने एकाच वेळी पाच माध्यमांवर धावू नये. आपले गिऱ्हाईक जेथे आहे असे एकच माध्यम निवडावे, घरखर्चापासून वेगळा हिशेब ठेवावा आणि आलेल्या प्रत्येक प्रश्नाला वेळेवर व सौजन्याने उत्तर द्यावे. खाद्यपदार्थ विकणाऱ्याने, मग तो घरूनच का विकत असेना, अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी अवश्य करावी. ज्या कायद्याचा उद्देश लोकांच्या आरोग्याचे रक्षण हा आहे, त्याचे पालन हा अमानतीचाच भाग होय.

परंतु या बाजाराची एक कसोटी जुन्या बाजाराहून कठीण आहे. येथे गिऱ्हाईक माल हाताळू शकत नाही. तो केवळ आपल्या शब्दावर आणि चित्रावर विश्वास ठेवतो. प्रेषित मुहम्मद (स.) एकदा बाजारात धान्याच्या राशीजवळून जात होते. त्यांनी राशीत हात घातला तेव्हा बोटांना ओल लागली. विक्रेत्याने सांगितले की पावसाने धान्य भिजले. त्यावर प्रेषितांनी (स.) विचारले की मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, आणि फसवणूक करणाऱ्याचा आपल्याशी संबंध नाही, असे बजावले.

बंधूंनो, या हदीसवर क्षणभर विचार करा. तो विक्रेता खोटे बोलला नव्हता; त्याने फक्त कोरडे धान्य वर आणि ओले खाली ठेवले होते. मोबाइलमधील छायाचित्र हे राशीचे वरचे धान्य आहे. कापडाचा रंग खुलविणारा फिल्टर, दुसऱ्याच्या उंची मालाचे उचललेले चित्र, पेटीत वर मोठी आणि तळाशी लहान फळे, ही सर्व त्याच ओलीची आधुनिक रूपे आहेत. म्हणून चित्र आपल्याच मालाचे आणि दिवसाच्या उजेडात काढलेले असावे. शिलाईत दोष असेल तर तोही दाखवावा. किंमत आणि पोहोचविण्याचा खर्च आधीच उघड सांगावा. विक्रेता व ग्राहक खरे बोलले आणि दोष उघड केले तर त्यांच्या व्यवहारात बरकत होते, लपविले तर ती बरकत पुसली जाते, हे प्रेषितांनी (स.) स्पष्ट केले आहे. हनफी फिकहनुसार न पाहता घेतलेली वस्तू पाहिल्यावर परत करण्याचा ग्राहकाला अधिकार असतो. शेकडो वर्षांपूर्वी मान्य झालेला हा अधिकार आज आपण गिऱ्हाइकाला सन्मानाने देतो का?

दुसरी गोष्ट. अनेक तरुण घाऊक व्यापाऱ्याची चित्रे आपल्या नावाने लावतात, पैसे आधी घेतात आणि माल नंतर शोधतात. जे आपल्याजवळ नाही ते विकण्यास हजरत हकीम बिन हिजाम (र.) यांना मनाई करण्यात आली होती. मग मागणीनुसार वस्तू बनवून देणाऱ्याने काय करावे? मदीनेतील लोक फळांसाठी एक-दोन वर्षे आधी पैसे देत असत. प्रेषितांनी (स.) हा व्यवहार बंद केला नाही, माप, वजन आणि मुदत निश्चित असावी, अशी अट घातली. ईदसाठी आगाऊ रक्कम घेणाऱ्यानेही वस्तू कोणती, किती आणि कोणत्या दिवशी मिळेल, हे लिहून द्यावे. जो केवळ दुसऱ्याचा माल विकून देतो, त्याने आपण दलाल आहोत हे सांगावे आणि आपली दलाली ठरवून घ्यावी.

तिसरी गोष्ट खोट्या स्तुतीची. खरेदीची इच्छा नसताना भाव चढविण्यासाठी बोली लावणे, ज्याला नजश म्हणतात, प्रेषितांनी (स.) निषिद्ध ठरविले आहे. नातलगांकडून लिहून घेतलेले खोटे अभिप्राय आणि पैसे देऊन वाढविलेले अनुयायी ही त्याच जातीची फसवणूक आहे. आपल्या देशातील २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनीही विक्रेत्याने ग्राहक असल्याचे भासवून अभिप्राय लिहिण्यास बंदी घातली आहे. शरीअतने जे आधीच वर्ज्य केले, ते कायद्याच्या भीतीने नव्हे तर अल्लाहच्या भयाने सोडावे. त्याचप्रमाणे प्रतिस्पर्ध्याची निंदा करू नये, ग्राहक भगिनीचे छायाचित्र तिच्या परवानगीवाचून प्रसिद्ध करू नये आणि कोणाचाही क्रमांक त्याला न विचारता समूहात टाकू नये.

शेवटी स्वतःच्या अंतःकरणाची राखण करावी. पडद्यावरील संख्या वाढली की मन फुलते, घटली की खचते. हळूहळू माणूस अन्नदात्याऐवजी त्या संख्येकडे आशेने पाहू लागतो. दुकानाला रात्री कुलूप तरी लागते, मोबाइलला लागत नाही. म्हणून अजान झाली की तो बाजूला ठेवावा. सूरह नूरमध्ये अशा लोकांची प्रशंसा आहे ज्यांना व्यापार आणि खरेदी-विक्री अल्लाहच्या स्मरणापासून गाफील करीत नाही. तेथे व्यापार न करणाऱ्यांची नव्हे, तर व्यापारात राहूनही जागे असलेल्यांची प्रशंसा आहे.

खरे सांगून एखादे गिऱ्हाईक जाईलही. त्या दिवशी चूल मंद पेटेल आणि मोह होईल. त्या क्षणी हे आठवावे की रिज्क देणारा अल्लाह आहे आणि चित्रामागची ओल तो पाहतो आहे.

हे अल्लाह! आमच्या कमाईला हलाल आणि आमच्या शब्दाला सत्य बनव, आमच्या लहान व्यवसायांत बरकत दे आणि कयामतच्या दिवशी आम्हाला सत्यनिष्ठ व्यापाऱ्यांच्या सोबत उठव. आमीन.