मनाचे औषध आणि पाचवे शील

धुळे जिल्ह्यातील एका वस्तीत वंदना आटोपल्यावर एक माउली मागे थांबल्या. हळूच म्हणाल्या, "गुरुजी, डाक्टरन्या गोया खाद्या का गुंगी येस. मंग मनं पाचवं शील मोडनं का?" मनाच्या आजारासाठी दिलेल्या गोळ्या त्यांनी शीलभंगाच्या भीतीने आठ दिवस बंद केल्या होत्या. घरात पुन्हा रात्ररात्र जागरण सुरू झाले होते. शेजारीण सांगत होती, गोळ्या सोड, भगताची जडीबुटी घे; ती झाडपाल्याची, तिच्यात दोष नाही.

बंधुभगिनींनो, हा प्रश्न एका घराचा नाही. म्हणून त्याचा शांतपणे विचार करू.

आधी झाडपाल्याचे पाहू. सर्पगंधा ही आपल्याच देशातील वनस्पती. वेडावर आणि सर्पदंशावर तिचे मूळ देण्याची चाल जुनी. पण ते किती द्यावे, कोणाला देऊ नये, याचा नेम नव्हता. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि रक्तदाब यांवरील तिच्या उपयोगाचा अहवाल प्रसिद्ध केला. १९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरील अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतील संशोधकांनी मुळातून रेसरपीन हे द्रव्य वेगळे काढले, आणि १९५४ साली न्यूयॉर्कच्या डॉ. नेथन क्लाईन यांनी मनोरुग्णांवरील त्याचा उपयोग जाहीर केला. म्हणजे ज्या गोळीला आपण परकी समजतो, तिच्या कुळात एक आपलेच मूळ आहे.

पण गोष्ट इथे संपत नाही. मेंदूतील पेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी काही द्रव्ये साठवून ठेवतात. रेसरपीन तो साठा रिकामा करते. त्यामुळे खवळलेला रुग्ण शांत होई. पण रेसरपीन घेणारे काही जण खोल खिन्नतेत गेल्याच्या नोंदीही डॉक्टरांनी केल्या. पुढे दुसरी औषधे आली आणि मनोविकारांसाठी रेसरपीन मागे पडले. झाडातून आले म्हणून ते निर्दोष ठरले नाही. आपल्या बांधावरचा धोतराही झाडच आहे. त्याच्या बिया माणसाला भ्रमिष्ट करतात, प्रसंगी मारतात. औषध कुठून आले यापेक्षा ते पारखले गेले की नाही, हे महत्त्वाचे. पारखल्याशिवाय स्वीकारू नका, हेच तथागतांनी कालामांना सांगितले.

आता शीलाचे. पाचवे शील मद्यापासून दूर राहायला सांगते, कारण ते प्रमादाचे स्थान आहे. दारू पिणारा भान घालवण्यासाठी पितो. ही माउली भान परत यावे म्हणून गोळी घेते. दोघांनाही गुंगी येते. पण एकाची वाट घराबाहेर जाते, दुसरीची घरात येते. भिक्खूच्या चार गरजांत चीवर, भोजन आणि निवास यांच्या जोडीला औषध आहे. जीवक तक्षशिलेत शिकत असता आचार्यांनी सांगितले, औषध नाही अशी वनस्पती शोधून आण. तो रिकाम्या हाताने परतला. पण ती वनस्पती कुणाला, किती द्यायची, हे शिकायला त्याला सात वर्षे लागली होती.

मन दुखते तेव्हा त्यात पूर्वजन्मीचे पाप नसते, बाहेरची बाधाही नसते. कारण असते, आणि कारण असेल तिथे उपाय शोधता येतो. औषधाबरोबर घरातल्यांचा गोड शब्द हवा, वेळेवर जेवण हवे. गोळीने फार गुंगी येत असेल तर डॉक्टरांना सांगावे. ते मात्रा बदलतील. आपल्या मनाने गोळी सोडू नये, आणि तिच्यासोबत भगताची मुळी तर मुळीच घेऊ नये. धुळ्यात आणि जळगावात शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर फोन करून विनामूल्य सल्लाही मिळतो.

त्या माउलींना मी एवढेच म्हणालो, "माय, तुमचं शील शाबूत आहे. उद्या दवाखान्यात जाऊ, मी सोबत येतो."