बहाल केलेले आणि हक्काचे

पदवी, जमीन, सवलत 'बहाल' होते, तेव्हा देणारा आपोआप वरच्या पायरीवर उभा राहतो. बक्षिसाच्या बाबतीत त्याने फारसे बिघडत नाही. पण हक्कच बहाल होऊ लागले की विचारावे लागते: जे मुळात माणसाचेच आहे, ते त्याला देणारा दुसरा कोण? या प्रश्नाला येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी फार ठाम उत्तर मिळाले.

त्याआधी महाडचा अनुभव होता. सी. के. बोले यांच्या ठरावानुसार मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांसाठी खुले केले. महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. तरीही तळ्याचे पाणी घ्यायला २० मार्च १९२७ ला सत्याग्रह करावा लागला आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. तळ्याच्या वादात उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ उजाडले. मेहेरबानी म्हणून दिलेले असे परत घेता येते, कारण त्याची दोरी देणाऱ्याच्याच हातात राहते.

नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांसारख्यांनी तो पाच वर्षे नेटाने चालवला. लोकांनी मार खाल्ला, तुरुंग भोगला. दार उघडले नाही. मग येवल्याच्या परिषदेत बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितले की हिंदू म्हणून जन्माला येणे आपल्या हातात नव्हते, पण हिंदू म्हणून आपण मरणार नाही. मंदिरप्रवेशासाठी शक्ती खर्च करणे थांबवा, असेही त्यांनी सुचवले. ही माघार नव्हती. आपले माणूसपण मान्य करण्याचा अधिकार दुसऱ्या कोणाकडे आहे, हेच त्यांनी त्या दिवशी नाकारले. पुढे एकवीस वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपुरात लाखो अनुयायांसह त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला.

या दोन तारखांच्या मधे संविधान आले. त्याच्या प्रास्ताविकेत भारताचे लोक ते संविधान स्वतःलाच अर्पण करतात. देणारे तेच आणि घेणारेही तेच, म्हणून तिथे वरची पायरी उरत नाही.

येवल्यात आज मुक्तिभूमी उभी आहे. तिथे नतमस्तक होणाऱ्या आपण रोजच्या व्यवहाराकडेही पाहायला हवे. शिष्यवृत्ती, रेशन, घरकुल नियमाप्रमाणे मिळायचे असते. तरी ते कोणाच्या तरी हस्ते वाटले जाते, फोटो निघतो आणि घेणाऱ्याने आभार मानावेत अशी अपेक्षा असते. वाटणाऱ्याचा हेतू चांगला असेलही. पण ज्याला आपल्याच हक्काबद्दल हात जोडावे लागतात, तो उद्या तो हक्क थकला तर जाब विचारायला कचरतो. म्हणून हक्क पोचवणाऱ्याने स्वतःला दाता समजू नये, आणि घेणाऱ्याने मान खाली घालू नये.