विकलेल्या गाडीतले गुपित

मार्च २०१६ मध्ये अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिनात राहणाऱ्या एका टेस्ला मालकाने आपल्याच गाडीच्या संगणकात शिरून नव्या अपडेटबरोबर आलेल्या फायली चाळल्या. त्यांत त्याला गाडीच्या पाठीवर लावतात तशा बिल्ल्याचे चित्र सापडले आणि त्यावर लिहिले होते पी१००डी. कंपनीची तेव्हाची सर्वांत मोठी बॅटरी ९० किलोवॅट-तासांची होती आणि १०० च्या बॅटरीबद्दल कंपनीने अजून अवाक्षर काढले नव्हते. मालकाने ते नाव उघड केले नाही. त्यावर एक ठरावीक गणिती प्रक्रिया करून निघालेली ६४ चिन्हांची निरर्थक दिसणारी ओळ तेवढी त्याने ट्विटरवर टाकली. अशा ओळीवरून मूळ शब्दाकडे उलट जाता येत नाही, पण कोणाला शब्दाचा अंदाज आलाच तर त्यावर तीच प्रक्रिया करून तो अंदाज पडताळता येतो. शब्द जेमतेम पाच चिन्हांचा आणि कंपनीची नावे ठेवण्याची रीत सर्वांना पाठ, त्यामुळे लोकांनी तो लगेच ओळखला. पुढे त्या मालकाने सांगितले की कंपनीने दुरूनच त्याच्या गाडीतले सॉफ्टवेअर मागे नेले. आपण तसे करायला सांगितले नव्हते, असा जाहीर खुलासा इलॉन मस्क यांनी केला, आणि चांगल्या हॅकिंगला त्यांनी देणगी म्हटले. ऑगस्टमध्ये पी१००डी रीतसर बाजारात आली.

या लहानशा प्रसंगात तीन वेगळे प्रश्न गुंतलेले आहेत. विकत घेतलेल्या वस्तूच्या पोटात काय आहे ते पाहण्याचा मालकाला अधिकार आहे का, हा पहिला. पाहिलेले इतरांना सांगावे का, हा दुसरा. आणि धड सांगायचेही नाही, धड गप्पही बसायचे नाही, नुसते सूतोवाच करायचे, या मधल्या वाटेची नैतिक किंमत काय, हा तिसरा. चर्चेत हे तिन्ही एकत्र कालवले जातात आणि मग एक बाजू चोरी म्हणते, दुसरी स्वातंत्र्य. माझ्या मते पहिल्या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ निर्विवाद होकारार्थी आहे. उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे मात्र ते गुपित कंपनीच्या उद्याच्या बेताचे आहे की रस्त्यावर आज धावणाऱ्या गाडीचे आहे, यावर ठरतात.

सूतोवाचाची ही रीत संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. १६१० मध्ये गॅलिलिओला दुर्बिणीतून शनी तीन गोळ्यांचा दिसला. खात्री होईपर्यंत थांबायचे होते आणि पहिलेपणही गमवायचे नव्हते, म्हणून त्याने तो शोध एका वाक्यात मांडला, वाक्यातली अक्षरे उलटीसुलटी केली आणि तो गुंता प्रागला पाठवला. तिथल्या खगोलशास्त्रज्ञ केप्लरने तो सोडवायचा खटाटोप केला आणि मंगळाला दोन चंद्र आहेत असा भलताच अर्थ काढला. रॉबर्ट हूकने १६७६ मध्ये स्प्रिंगचा आपला नियम वर्णक्रमाने मांडलेल्या चौदा लॅटिन अक्षरांत छापला आणि १६७८ मध्ये त्याची उकल दिली: जितका ताण, तितके बळ. चौदा अक्षरांत दोन वर्षे एक नियम सुरक्षित राहिला, आणि उकल आल्यावर तो आधीच हाती आलेला होता हे कोणालाही अक्षरे मोजून तपासता आले. ६४ चिन्हांची ओळ हेच काम करते. पण या दोन कृतींत एक मोठा फरक आहे आणि तो नजरेआड होऊ देऊ नये. हूकच्या बाबतीत शोधणारा आणि झाकणारा एकच होता. झाकलेले त्याचे स्वतःचे होते, कधी उघडायचे हे ठरवणे त्याच्याच हाती होते. टेस्लाच्या मालकाने जे अर्धवट झाकले ते मुळात दुसऱ्याने झाकलेले होते. त्यामुळे ‘मी तर काहीच सांगितले नाही’ हा बचाव हूकला लागू पडतो तसा त्याला पडत नाही. पाच चिन्हांचे कोडे घालणे म्हणजे उत्तर सांगणेच, फक्त शेवटचा उच्चार दुसऱ्याच्या तोंडून करवून घेणे.

तरीही त्याने चोरी केली असे म्हणता येत नाही. याचे कारण समजून घ्यायचे तर व्यापारी गुपिताची कल्पना कशी घडत गेली ते पाहावे लागते. १९६९ मध्ये टेक्सासमधील ब्यूमाँट येथे ड्यूपाँट कंपनी मिथेनॉलचा कारखाना उभारत होती. बांधकामावर अजून छप्पर चढलेले नव्हते. कोणीतरी छायाचित्रकारांना पैसे देऊन विमानातून त्याचे फोटो काढवले. आकाश सर्वांचे आहे, असा छायाचित्रकारांचा बचाव होता. १९७० मध्ये अपील न्यायालयाने तो मानला नाही. बांधकाम चालू असताना वरून कोणी डोकावू नये म्हणून कारखान्यावर आधी छत घालायला लावणे अन्यायाचे आहे, असा न्यायालयाचा रोख होता. चारच वर्षांनी, १९७४ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने केवानी ऑइलच्या खटल्यात दुसरी बाजू तितक्याच स्पष्टपणे मांडली. बाजारात मिळणारी वस्तू घेऊन, ती उघडून, तिच्यावरून उलट मागोवा घेत जो गुपितापर्यंत पोचतो त्याला कायदा अडवत नाही. युरोपीय संघाच्या २०१६ च्या निर्देशातही कायदेशीररीत्या हाती आलेली वस्तू पाहणे, अभ्यासणे, सुटी करणे आणि तिची चाचणी घेणे या गोष्टी वैध मानल्या आहेत. दोन्ही निकाल एकत्र वाचले की सीमारेषा दिसते. कारखान्याच्या कुंपणाच्या आत आहे ते कंपनीचे, आणि राखण करण्याचा तिचा हक्क मोठा आहे. कुंपणाबाहेर, पैसे घेऊन, गिऱ्हाइकाच्या दारात नेऊन ठेवलेले जे आहे त्याची राखण गिऱ्हाइकाने करावी अशी अपेक्षा तिला ठेवता येत नाही. चाकण परिसरात काळ्यापांढऱ्या नक्षीच्या आवरणात धावणाऱ्या चाचणीच्या गाड्या पुणेकरांच्या परिचयाच्या आहेत. ती गाडी अजून कंपनीची आहे, म्हणूनच तिला झाकण्याची जबाबदारीही कंपनी स्वतः घेते. पी१००डीचा बिल्ला मात्र कंपनीने कोणतेही आवरण न घालता लोकांच्या घरी पाठवला होता.

यावर वजनदार आक्षेप असा की गाडी विकली, सॉफ्टवेअर विकले नाही, ते फक्त वापरायला दिले. २०१५ मध्ये ट्रॅक्टर बनवणाऱ्या जॉन डिअर कंपनीने अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयापुढे जवळपास हाच मुद्दा मांडला होता. वाहन आहे तोवर ते चालवण्याचा गर्भित परवाना मालकाला मिळतो, असे तिचे म्हणणे. मालकांना सॉफ्टवेअरचे कुलूप उघडू देण्याच्या सवलतीला जनरल मोटर्सनेही विरोध केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वाहनाचे निदान, दुरुस्ती आणि सुरक्षाविषयक संशोधन यांसाठी सॉफ्टवेअरचे कुलूप उघडण्याची मर्यादित मुभा देण्यात आली. कायद्याचा हा कौल बाजूला ठेवला तरी मला आक्षेपाचा पायाच कच्चा वाटतो. परवाना नक्कल करण्यावर आणि विकण्यावर बंधन घालू शकतो, आणि ते बंधन पाळलेच पाहिजे. कोणी ते सॉफ्टवेअर उतरवून विकू लागला तर त्याची बाजू मी घेणार नाही. पण ज्या यंत्रात बसून माणूस आपल्या मुलाबाळांना घेऊन ताशी शंभर किलोमीटर वेगाने जातो, त्या यंत्रात काय आहे हे जाणण्यावर बंदी घालणारा करार, विशेषतः जो वाटाघाटीविना सही करावा लागतो तो, नैतिकदृष्ट्या फार पांगळा आहे.

आता सांगण्याचा प्रश्न. नवे मॉडेल येतेय ही बातमी वेळेआधी फुटली तर जुन्याची विक्री थांबते आणि त्याची झळ कामगारांपर्यंत पोचते. १९८३ मध्ये ऑस्बोर्न ही संगणक कंपनी दिवाळखोरीत गेली तेव्हा पुढच्या मॉडेलची वाच्यता आधीच झाल्याने गिऱ्हाईक थांबले, असे कारण सांगितले गेले. इतरही कारणे होती हे नंतर अनेकांनी दाखवले, पण भीती खोटी म्हणता येत नाही. मात्र तराजूच्या दुसऱ्या पारड्यातही माणसे आहेत. २०१६ च्या उन्हाळ्यात लाखभर डॉलर मोजून ९० ची गाडी घेणाऱ्याला काही आठवड्यांत १०० ची येणार हे कळले असते तर त्याने कदाचित वेगळा निर्णय घेतला असता. कंपनीच्या मौनात तिचा फायदा आहे आणि त्याचा तोटा. म्हणून बेताची गुपिते फोडणे पाप नाही आणि न फोडणे कर्तव्यही नाही. तिथे मालकाने ठेवलेला संयम हे सौजन्य आहे, आणि सूतोवाच हा त्या सौजन्याचा एक कमअस्सल पण क्षम्य प्रकार. त्यात मिरवण्याची हौस असते हे मान्य, पण त्या हौसेने कोणाचा जीव जात नाही.

जिथे जीव जाऊ शकतो तिथे तोच माणूस कसा वागला हे पाहण्यासारखे आहे. २०१७ मध्ये त्याच मालकाला कंपनीच्या सर्व्हरमध्ये शिरण्याची वाट सापडली, आणि त्या वाटेने टेस्लाच्या जवळजवळ प्रत्येक गाडीपर्यंत पोचता येत होते. त्याने कोडे घातले नाही की इशारा दिला नाही. थेट कंपनीच्या सुरक्षा प्रमुखाच्या कानावर घातले. खात्री पटावी म्हणून त्या अधिकाऱ्याकडून कॅलिफोर्नियातल्या एका गाडीचा ओळख क्रमांक मागून घेतला आणि नॉर्थ कॅरोलिनात बसून ती गाडी हलवून दाखवली. कंपनीने भोक तातडीने बुजवले, त्याला ५० हजार डॉलर दिले, आणि ही हकिकत लोकांना सविस्तर कळली ती २०२० मध्ये. माझ्या मुद्द्याचा याहून चांगला पुरावा मला ठाऊक नाही. दोन्ही गुपिते एकाच माणसाला मिळाली. एक स्वतःच्या गाडीतले होते आणि कंपनीच्या बेताचे होते. दुसरे इतरांच्या गाड्यांना लागून होते आणि आजच्या धोक्याचे होते. दुसऱ्या प्रकारात सूतोवाच हा गुन्ह्याइतका गंभीर अविचार ठरला असता, कारण ‘इथे काहीतरी आहे’ एवढे कळले तरी चोराचे अर्धे काम होते, आणि केप्लरसारखा चुकीचा अर्थ काढणारा प्रामाणिक माणूस विनाकारण घाबरतो.

मात्र कंपनीच्या कानावर घालून कायमचे गप्प बसणे, हेही उत्तर नव्हे. बर्मिंगहॅम विद्यापीठातील संशोधकांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अनेक कंपन्यांच्या गाड्यांतील चोरीरोधक चिपमधला दोष सापडला होता. प्रसिद्धीच्या कित्येक महिने आधी त्यांनी चिप बनवणाऱ्यांना तो कळवला, तरी २०१३ मध्ये फोक्सवॅगनने इंग्लंडच्या उच्च न्यायालयातून मनाईहुकूम मिळवला. निबंध छापला गेला २०१५ मध्ये, एक वाक्य गाळून. ती दोन वर्षे त्या गाड्यांचे मालक अंधारात राहिले. त्याच कंपनीच्या डिझेल गाड्यांत चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर स्वच्छ करणारे सॉफ्टवेअर होते, हे सप्टेंबर २०१५ मध्ये जगजाहीर झाले. जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्या त्यात होत्या. ते उघड झाले वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या मंडळींनी गाड्या प्रत्यक्ष रस्त्यावर चालवून धूर मोजला म्हणून. अमेरिकेच्या ज्या पर्यावरण संस्थेने ही फसवणूक जाहीर केली, तिनेच दोन महिने आधी मालकांना सॉफ्टवेअर उघडू देण्याला लेखी विरोध केला होता. मालक प्रदूषण नियंत्रणाशी छेडछाड करतील ही तिची चिंता रास्त होती, पण छेडछाड आधीच झाली होती, आणि ती कुलपाच्या आतल्या बाजूने.

उरला कंपनीच्या वागण्याचा भाग. २०१७ मध्ये इर्मा चक्रीवादळाच्या वेळी टेस्लाने फ्लॉरिडातल्या काही गाड्यांच्या बॅटरीची सॉफ्टवेअरने अडवलेली क्षमता दुरून तात्पुरती मोकळी केली, आणि लोकांना दूर निघून जायला मदत झाली. हात चांगल्या कामासाठी पोचला, पण तो पोचतो हे दिसले. तोच हात बोलणाऱ्या मालकाची गाडी मागच्या आवृत्तीवर नेण्यासाठी वापरला जात असेल, तर ती शिक्षा आहे, आणि सुनावणीविना आहे. गुपित फुटल्याचा राग कंपनीने न्यायालयात मांडावा, विकलेल्या वस्तूवर काढू नये. २०१८ मध्ये टेस्लाने आपल्या धोरणात सद्हेतूने सुरक्षा तपासणाऱ्या मालकांची वॉरंटी रद्द होणार नाही असे लिहून दिले, हे योग्य दिशेचे पाऊल होते.

आपल्याकडे हा प्रश्न दाराशी आला आहे. इंटरनेटला जोडलेल्या आणि दुरून अपडेट होणाऱ्या गाड्या पुण्यामुंबईत सर्रास विकल्या जातात. व्यापारी गुपितांचा स्वतंत्र कायदा भारतात नाही. विधी आयोगाने मार्च २०२४ च्या २८९ व्या अहवालात तो करण्याची शिफारस केली आणि जागल्यांसाठी व लोकहितासाठी अपवाद सुचवले. कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात प्रोग्रामचे कार्य पाहण्या-अभ्यासण्याला जागा आहे. मात्र माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ४३ वे कलम संगणकाच्या मालकाच्या किंवा प्रभाऱ्याच्या परवानगीविना आत शिरणाऱ्याला नुकसानभरपाईस जबाबदार धरते. गाडीतल्या संगणकाचा मालक कोण, हे तिथे गृहीत धरलेले आहे, सांगितलेले नाही. नवा कायदा होईल तेव्हा हे त्यात स्पष्ट लिहिले जावे: नोंदणी पुस्तकावर ज्याचे नाव आहे तोच त्या संगणकाचा मालक, आणि आत पाहायला त्याला कोणाची परवानगी लागत नाही. इतरांच्या गाड्यांना धोका पोचेल असा दोष सापडला तर तो आधी कंपनीला आणि देशाच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला कळवण्याचे बंधन मालकावर असावे. दुरुस्तीची ठरावीक मुदत संपल्यावर तो जाहीर करण्याचा हक्कही त्याला असावा. आणि विकलेल्या गाडीत मालकाच्या संमतीविना, रागाने वा सूडाने, दुरून काही बदलणाऱ्या कंपनीला दंड असावा.