थकलेली फी आणि मुलाची जागा

४ ऑक्टोबर २०२१ पासून महाराष्ट्रात ग्रामीण भागात पाचवीचे व शहरांत आठवीचे पुढील वर्ग पुन्हा भरू लागले. मुलांसोबत थकलेली फीदेखील शाळेत परतली. टाळेबंदीत ज्याची हातगाडी जागीच उभी राहिली, त्याच्या मुलाला वर्गाबाहेर उभे करणे न्याय्य आहे काय? अडचणीतील ऋणकोला सवड द्यावी, माफ केल्यास अधिक उत्तम, ही सूरह अल-बकराच्या २८० व्या आयतीची शिकवण आहे. शिवाय ऋणको पिता आहे, मूल नव्हे. त्याचा दाखला अडवणे म्हणजे निरपराधाला गहाण ठेवणे होय.

परंतु विनाअनुदानित शाळेत शिक्षकाचा पगार फीतूनच निघतो, आणि मजुरी घाम वाळण्यापूर्वी द्यावी, ही प्रेषितांची (स.) ताकीद आहे. दया संस्थेने करावी आणि तिची किंमत शिक्षकाच्या चुलीने मोजावी, हे कसले औदार्य? हा भार जमाअतीने उचलावयाचा आहे. सूरह अत्-तौबाच्या ६० व्या आयतीत जकातीच्या हक्कदारांत कर्जबाजारीही आहेत. (मशिदीच्या रंगरंगोटीचा त्यांत समावेश नाही, हेही ध्यानी असावे.) तेव्हा यंदा मोहल्ल्यातील शाळेत थकबाकीची चौकशी करावी, नावे चारचौघांत न उच्चारता. रक्कम गरजू पालकाच्या हाती सोपवावी. फी त्यानेच भरावी, आपल्या मुलासमोर.