त्रयस्थ

योजनेने काय साधायचे होते, हा प्रश्न बहुधा योजना संपल्यावर विचारला जातो. मग आधारपाहणी आठवणीतून करावी लागते. माणूस जुनी गरिबी आजच्या मनःस्थितीतून आठवतो. आज बरे चालले असेल तर ती अधिक गडद होते.

मूल्यमापन करणाऱ्याला कागदोपत्री त्रयस्थ म्हणतात. त्याचे बिल दुसरा भरतो. अंतिम अहवाल स्वीकारला गेल्यावर शेवटचा हप्ता मिळतो. स्वीकारणारा बहुधा तोच असतो, ज्याच्या कामाबद्दल अहवाल आहे. यात कोणी लबाडी करत नाही. फक्त मसुद्यातले ‘अपयश’ अंतिम प्रतीत ‘आव्हान’ होते, आणि बदल सुचवणाऱ्याची पेन्सिल फार हलकी असते.

पाहणीपथकाआधी त्याची बातमी गावात पोचते. लाभार्थी खोटे बोलत नाही, पाहुणचार करतो. चहा देतो, आणि चहाबरोबर पाहुण्याला आवडेल ते उत्तर. दारी आलेल्याला विन्मुख पाठवू नये, हा संस्कार कोणत्याही प्रश्नावलीहून जुना आहे. लबाडी उलटतपासणीत सापडते. सौजन्य सापडत नाही. आकडेवारीतला मोठा दोष पुष्कळदा माणसाच्या चांगुलपणातून आलेला असतो.

सगळे मोजून झाले तरी एक प्रश्न उरतो: योजना नसती तर काय झाले असते? ते आयुष्य कोणी जगलेले नसते. शेजारच्या गावाकडे बोट दाखवून वेळ मारून न्यावी लागते. हा प्रयत्न जुना आहे: गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभांची अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांची पाहणी पुण्याच्या गोखले संस्थेने १९४८ साली प्रसिद्ध केली. त्यातला ‘अप्रत्यक्ष’ हा शब्द जड आहे. पाणी किती सोडले, हे पाटबंधारे खात्याच्या नोंदवहीत असते. पाण्याने काय केले, हे मजुराला, सावकाराला आणि गाडीवानाला माहीत असते. लाभार्थ्यांच्या यादीत यांतले कोणी नसते.

ज्याला खरोखर जाणून घ्यायचे असते, त्याचा प्रश्न लहान होतो. ‘असर’ ही शालेय शिक्षणाची पाहणी २००५ पासून मुलांच्या घरी जाते आणि हातात दुसरीच्या पातळीचा उतारा देते. पाचवीतली निम्म्याच्या आसपास मुले तिथे अडखळत आली आहेत. पटावरची उपस्थिती, वर्गखोल्या, पुस्तकांचे वाटप हे सगळे त्याआधीही मोजले जात होतेच. मोजणे हा न विचारण्याचा एक सभ्य प्रकार आहे.

१९५२ च्या ऑक्टोबरात समुदाय विकास कार्यक्रम सुरू झाला. त्याची पारख करणारी कार्यक्रम मूल्यमापन संघटनाही त्याच वर्षी उभी राहिली. सुरुवातीला तिची धुरा पुण्याचे अर्थतज्ज्ञ द. गो. कर्वे यांच्याकडे होती. पाळण्याशेजारीच परीक्षकाची खुर्ची मांडण्याचे धैर्य नव्या राज्याकडे असते. पुढे राज्य प्रौढ होते. २०१४ साली केंद्राच्या स्वतंत्र मूल्यमापन कार्यालयाने नियोजन आयोगच मोडीत काढावा, असे सुचवले. आयोग गेला. तो त्या शिफारशीमुळेच गेला, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. पुढच्या वर्षी ते कार्यालयही एका नव्या कार्यालयात विलीन झाले. त्याच्या नावातला ‘स्वतंत्र’ हा शब्द नव्या नावात आला नाही.

निराश होणे हीदेखील परीक्षकाची एक सवय आहे. शौचालयात गोवऱ्या रचलेल्या दिसल्या की तो ‘वापर नाही’ या रकान्यात खूण करतो. खूण बरोबर असते. पण पावसाळ्यात सरपण कोरडे ठेवायला त्या घरात आजवर दुसरी जागा नव्हती, हेही खरे असते. त्याला रकाना नसतो.

अहवाल देऊन झाल्यावर एक वही मागे राहते. तिच्यातले बरेचसे अहवालात उतरलेले नसते. ती वही आजवर कोणी मागितलेली नाही. गोवऱ्या तिच्यात आहेत.